रंगभूमीवर बाई आली ती कशी

माहुलच्या माझ्या भगिनींनो,

आपल्या एका शेजारणीची मुलगी सध्या नाटकाचे शिक्षण घेत आहे. "शिकायचे ते काय, तोंडाला रंगच फासायचा ना?" असे काही जणी म्हणाल्या. तिच्याकडची पुस्तके मी दुपारी कामे आटोपल्यावर वाचत गेले. तो रंग लावायला मिळावा म्हणून बायकांना किती वर्षे थांबावे लागले, ते तेव्हा कळले.

सन १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले. खाडीपलीकडे वाशीला ज्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे, तेच हे. त्या खेळात पदे सूत्रधाराने म्हणायची आणि पात्रांनी भाषणे आयत्या वेळी करायची. पुढे १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणले. आता पात्रे स्वतः गाऊ लागली. पण सीता काय नि शकुंतला काय, लुगड्यात पुरुषच.

बालगंधर्वांविषयी तर काय सांगावे! १९१६ च्या 'स्वयंवरा'त ते रुक्मिणी होत. त्यांचे नेसणे, केसांतली फुले पाहून घरंदाज बायका तसेच करू लागल्या. म्हणजे बाई कशी दिसावी हे पुरुषाने दाखवायचे आणि बाईने घरी येऊन तशी व्हायचे! मला याचे हसू येते. तरी त्यांना कमी लेखवत नाही. भारी शालूंची हौस असलेला हा नट १९१९ च्या 'एकच प्याला'त दारुड्याची बायको सिंधू झाला, तो ठिगळाच्या लुगड्यात. दारूने बुडालेले घर आपल्यापैकी कोणी पाहिले नाही?

मग बाया कुठे होत्या? निव्वळ बायकांच्या नाटकमंडळ्या होत्या, त्यांत पुरुषाचे सोंगही बायकाच घेत. पण त्या बहुतेक कलावंतिणींच्या घरच्या, म्हणून चारचौघांत त्यांचे नाव काढायचे नाही. हिराबाई पेडणेकरांनी तर स्वतः नाटक लिहिले; त्यांचे 'दामिनी' १९१२ मध्ये 'ललितकलादर्श'ने केले. बाईचे लिहिलेले चालले, बाई शेजारी उभी राहिलेली चालेना.

खरा फरक पडला तो १ जुलै १९३३ रोजी मुंबईत. 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केले. नॉर्वे देशातील ब्यर्न्सन यांच्या नाटकावरून ते वर्तकांनी लिहिले आणि केशवराव दात्यांनी बसविले. रंगवलेले पडदे जाऊन घरातल्यासारखी खोली आली, बोलणे रोजचे झाले, आणि बिंबेच्या कामात ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या. लग्नाआधी मुलीने निर्मळ राहायचे, मग मुलाने का नाही, असा त्या नाटकाचा सवाल. लुगडे नेसलेल्या पुरुषाने तो विचारला असता तर कोणाच्या मनाला लागला असता, असे मला वाटत नाही.

त्यानंतर विजयाबाई मेहता आल्या. १९६० साली 'रंगायन' उभारण्यात त्या पुढे होत्या. त्यांनी नाटके नुसती केली नाहीत, बसविली. जर्मनीच्या ब्रेख्त यांचे एक नाटक खानोलकरांनी मराठीत आणले, 'अजब न्याय वर्तुळाचा', तेही त्यांनीच बसविले. त्यात एका मुलावर दोन बाया हक्क सांगतात, जन्म देणारी आणि वाढवणारी. खडूच्या वर्तुळात मूल उभे करून दोघींनी ओढायचे. वाढवणारी हात सोडते, पोराला दुखेल म्हणून. न्यायाधीश मूल तिलाच देतो. प्रेक्षकांनी रडत बसू नये, विचार करावा, म्हणून ब्रेख्तने मूळ नाटकात गोष्ट सांगणारा एक गायक घातला आहे. म्हणजे आपल्या भाव्यांचा सूत्रधारच म्हणा ना!