महाडने शिकवलेला विश्वास

आम्हां रामवाडीकरांना महाड परकं नाही, एकाच जिल्ह्यातलं. डिसेंबर १९२७ च्या सत्याग्रह परिषदेला तिथं जागा मिळेना, ती फत्तेखान यांनी दिली. मनुस्मृती दहनाचा ठराव ब्राह्मण असलेल्या सहस्रबुद्धे यांनी मांडला. चवदार तळ्यावर जायला कोर्टाची मनाई आली. लोक तुरुंगात जायला तयार होते. बाबासाहेबांनी सगळी बाजू लोकांपुढं उघड मांडली, तेव्हा लोकांनी सत्याग्रह तहकूब करणं मान्य केलं. १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात आपण जिंकलो.

विहाराचं काम पैशावाचून कमी, संशयानं जास्त अडतं. म्हणून हिशेब फळ्यावर लिहावा, मतभेद बैठकीतच बोलावेत, आणि एकदा ठरलं की सगळ्यांनी मिळून चालावं. जयभीम!