काखोटीला मारण्याजोगं विमान

विमान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काहीतरी अगडबंब उभं राहतं. पोटात तीनशे-चारशे माणसं आणि त्यांनी कपड्यांत दडवलेल्या लोणच्याच्या बरण्या घेऊन उडणारं. त्यामुळे विमान लहान करून दाखवण्यात कोणाला पुरुषार्थ वाटत असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. पण इंजिनियर ही जातच चमत्कारिक. सरळ चाललेलं काही त्यांना बघवत नाही.

अमेरिकेतलं सॅन डिएगो हे मुळातच विमानवेडं शहर. एकट्याने न थांबता अटलांटिक ओलांडणाऱ्या लिंडबर्गचं ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ १९२७ साली इथेच बांधलं गेलं. पुढे कॉनव्हेअरसारखी बडी कंपनी इथे मोठमोठी विमानं करू लागली. अशा गावात १९४८ साली केन कॉवर्ड, विल्यम चाना आणि कार्ल मॉन्टिहो या तिघांनी एक विमान तयार केलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘वी बी’. म्हणजे इवलीशी मधमाशी. आपल्याकडे बारशाला ‘विश्वनाथ’ ठेवतात आणि हाक ‘बाळ्या’ म्हणून मारतात. इथे पाळण्यातलं आणि हाक मारायचं नाव एकच.

या मधमाशीचं वजन किती? २१० पौंड, म्हणजे सुमारे ९५ किलो. आपल्या घरातलं लोखंडी कपाट आतल्या साड्यांसकट याहून जड भरेल. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत १८ फूट. इंजिन ३० अश्वशक्तीचं, तेही नेमबाजीच्या सरावासाठी उडवायच्या बिनवैमानिकाच्या विमानांचं. थोडक्यात, ज्या इंजिनाचा जन्म गोळ्या खाऊन खाली पडण्यासाठी झाला, त्याच्या भरवशावर हे लोक जिवंत माणूस वर पाठवणार होते.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा विमानात माणूस बसणार कुठे? तर तो आत बसायचाच नाही. विमानाच्या पाठीवर चक्क पालथा पडायचा. घोड्यावर मांड ठोकतात, हत्तीवर अंबारीत बसतात, पण विमानावर पोटावर झोपायचं! वर छप्पर नाही, पुढे सगळा वारा तोंडावर. अर्थात याला थोरामोठ्यांचा आधार होता. १९०३ साली राइट बंधू पहिल्यांदा उडाले, तेही खालच्या पंखावर पालथे पडूनच. म्हणजे ही पद्धत वेडगळ नव्हती, सनातनी होती. आणि ती चालली. मधमाशी खरोखर उडाली, ताशी शंभराहून अधिक किलोमीटर वेगाने उडाली आणि अंगावरच्या माणसाला घेऊन नीट खाली आली.

तिचं वर्णन मोठं गमतीचं केलं जाई: माणसाला वाहून नेण्याइतकं मोठं आणि माणसाला वाहून नेता येण्याइतकं लहान विमान. जगातलं सर्वांत लहान विमान म्हणून तिचा बोलबाला झाला. पण लहानपणाचीही चढाओढ असते. १९५२ साली ‘स्काय बेबी’ नावाचं आणखी आखूड विमान उडालं. मधमाशीच्या जनकांनीही त्याच वर्षी ‘हनी बी’ हे पुढचं अपत्य काढलं. त्यात वैमानिकाला आत बसायची सोय होती. दुसऱ्या मुलाच्या वेळी आईबाप शहाणे होतात, ते असे.

पुढे थोरली मधमाशी सॅन डिएगोच्या विमान-संग्रहालयात विसावली. हे संग्रहालय बाल्बोआ पार्कमधल्या ‘इलेक्ट्रिक बिल्डिंग’मध्ये होतं. ही इमारत १९१५ च्या प्रदर्शनासाठी उभारलेली. लाकडाचा सांगाडा आणि त्यावर नक्षीदार गिलावा. तात्पुरती. हा शब्द आपल्याला काही नवा नाही. आमच्या वाड्याच्या गच्चीवर मालकांनी एका पावसाळ्यापुरता म्हणून घातलेला पत्रा तीन पिढ्यांनी पाहिला. तात्पुरत्या वस्तूचं एक असतं, तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून ती टिकते. ही इमारत त्रेसष्ट वर्षं टिकली. संग्रहालय त्याच उद्यानातल्या फोर्ड बिल्डिंगमध्ये हलवायचं ठरलंही होतं. ‘ठरलं होतं’ हे दोन शब्द जगातल्या सगळ्या दुर्घटनांच्या पहिल्या पानावर लिहिलेले असतात.

२२ फेब्रुवारी १९७८ च्या रात्री ती इमारत पेटली. आग लावलेली होती. वाळलेल्या लाकडाला निमित्तच हवं होतं. कितीतरी विमानं गेली, ग्रंथालय गेलं, कागदपत्रं गेली. दोनच आठवड्यांनी त्याच उद्यानातलं ‘ओल्ड ग्लोब’ नाट्यगृहही जळलं.

मला मात्र राहून राहून त्या मधमाशीचंच वाईट वाटतं. बाकीची विमानं मोठी. जळत्या इमारतीतून ती कोण कशी बाहेर काढणार? पण ही तर माणसाला उचलता येईल अशीच घडवलेली. तेवढीच तर तिची कीर्ती! तीस वर्षं जे वाक्य गमतीने सांगितलं गेलं, ते खरं करून दाखवायची एकच वेळ आली, तेव्हा संग्रहालयाला कुलूप होतं आणि उचलायला एकही माणूस नव्हता. वस्तू कितीही हलकी असो, ती आपल्या पायांनी बाहेर चालत येत नाही. तिला हात लागतात.

हात नंतर पुढे आले, हेही सांगायला हवं. लोकांनी पैसे दिले, वस्तू दिल्या आणि १९८० साली संग्रहालय फोर्ड बिल्डिंगमध्ये पुन्हा उघडलं. लिंडबर्गचं मूळ विमान वॉशिंग्टनला सुखरूप होतं, पण १९६७ साली पॅरिसवर उडून आलेली त्याची प्रतिकृती या आगीत गेली होती. रायनच्या कारखान्यातल्या जुन्या कारागिरांनी बाह्या सरसावून नवी प्रतिकृती केली आणि १९७९ साली ती उडवूनही दाखवली. मधमाशीचीही प्रतिकृती झाली.

प्रतिकृती म्हणजे नक्कल, असं नाक मुरडणारे पुष्कळ. मला तसं वाटत नाही. आजीच्या पुरणपोळीची कृती वहीत असते, पण चव ती आजीच्या हाताखाली लाटणं धरलेल्या माणसाच्या हातात असते. तशी माणसं असेपर्यंत पोळी पुन्हा होते. ती गेली की वही उरते, आणि वहीही तात्पुरत्या इमारतीत ठेवलेली असली की काहीच उरत नाही. तरीही खऱ्या मधमाशीच्या पाठीवर माणसं पालथी पडली होती, नव्या मधमाशीला तो भार ठाऊक नाही. एवढा फरक राहणारच.

तेव्हा कुठल्याही संग्रहालयात गेलात, तर मोठ्या वस्तूंपुढे फोटो काढाच, पण कोपऱ्यातल्या लहान वस्तूपुढेही मिनिटभर थांबा. आणि कोणी ‘ही तात्पुरती इथे ठेवलीय, हलवायचं ठरलंय’ असं म्हणालं, तर त्याला हळूच विचारा, ‘कधी?’