उजेडाची साक्ष

चांदीच्या पाण्याचा इतिहास हा औषधाच्या इतिहासाइतकाच पुराव्याचाही इतिहास आहे, असे आम्हांला वाटते. एखादी गोष्ट डोळ्यांना दिसली म्हणजे नेमके काय सिद्ध झाले, हा प्रश्न जसा वाङ्मयाच्या अभ्यासकाचा, तसाच रसायनशास्त्राचाही.

१८५७ साली मायकेल फॅरडे यांनी लंडनमध्ये सोन्याच्या माणिकरंगी द्रवावर प्रयोग केले. द्रव नितळ दिसे. पण त्यात प्रकाशाचा झोत सोडताच झोताची वाट उजळे. सोने विरघळलेले नसून सूक्ष्म कणरूपाने तरंगत आहे, हे त्यांनी ताडले. ‘कोलॉइड’ हा शब्द टॉमस ग्रॅहॅम यांनी १८६१ साली ग्रीकमधील सरसाच्या नावावरून घडवला. मराठीत आपण ‘कलिल’ म्हणतो. १८८९मध्ये फिलाडेल्फियाच्या मॅथ्यू कॅरी ली यांनी चांदीचे कलिल सिद्ध केले. ली हे छायाचित्रणाच्या रसायनांचे अभ्यासक होते, हा तपशील पुढे उपयोगी पडेल. विसाव्या शतकाच्या आरंभी अशी चांदी दवाखान्यांत वापरली जाई. प्रतिजैविके आल्यावर ती मागे पडली.

१९९०च्या दशकात अमेरिकेत ती पुन्हा अवतरली, ती घरगुती रूपात. ऊर्ध्वपातित पाण्यात चांदीच्या दोन तारा बुडवायच्या, नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या जोडायच्या, आणि शेवटी पेल्यातून लेसरची तिरीप सोडायची. रेषा उमटली की औषध तयार! फॅरडे यांचीच ही कसोटी. मात्र तिला विचारलेला प्रश्न बदलला होता. रेषा सांगते ते इतकेच, की पाण्यात कण आहेत. विजेने सुटलेली चांदी बहुतांशी आयनांच्या रूपात असते, आणि आयन त्या रेषेत दिसत नाहीत. काम लवकर व्हावे म्हणून कोणी मीठ घातले, तर सिल्व्हर क्लोराइडचे कणही तशीच लखलखीत रेषा दाखवतात. विद्युत्‌वाहकता मोजणारे यंत्र आयनांचा अंदाज देते, कणांचा नाही. आणि हे पाणी पोटात गेल्यावर काय करील, याविषयी दोन्ही कसोट्या मूक आहेत.

त्याचे उत्तर उजेडानेच दिले, पण दुसऱ्या रीतीने. शरीरात साठलेली चांदी त्वचेत उन्हाने काळवंडते; छायाचित्राच्या कागदावर चांदीचे क्षार काळे पडतात, त्याच जातीची ही क्रिया. या विकाराला आर्जिरिया म्हणतात, आणि ती निळसर राखाडी छटा सहसा कायमची असते. २००० साली संगणक कोलमडून प्रतिजैविके मिळेनाशी होतील, या भयाने माँटॅनातील स्टॅन जोन्स यांनी १९९९ साली घरी चांदीचे पाणी करून पिण्यास आरंभ केला. २००२ साली ते सिनेटच्या निवडणुकीस उभे राहिले, तेव्हा त्यांचा चेहरा निळसर झालेला होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९मध्येच विनाचिठ्ठी विकल्या जाणाऱ्या अशा चांदीला सुरक्षित वा गुणकारी मानण्यास नकार दिला होता. तरीही २०२०च्या साथीत तिचे दावे पुन्हा उठले, आणि विक्रेत्यांना इशारे द्यावे लागले.

पेल्यातली रेषा खोटी नव्हती. तिच्याकडून जे वदवून घेतले गेले, ते तिने कधी म्हटलेच नव्हते. संहितेच्या वाचनातही हा धोका आपल्याला नवा नाही. मात्र तेथे चुकीच्या अर्थाची खूण वाचकाच्या कातडीवर उमटत नाही.