अननस : नावात उरलेला इतिहास

१/ बाजारात सहज उच्चारला जाणारा ‘अननस’ हा शब्द ना संस्कृत, ना फारसी. त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेतील तुपी-ग्वारानी भाषांत आहे. पोर्तुगीजांनी तो तेथे ऐकला आणि फळासोबत भारतात आणला.

२/ नोव्हेंबर १४९३ मध्ये ग्वाडेलूप बेटावर कोलंबसाच्या माणसांनी हे फळ पाहिले. पाइन वृक्षाच्या शंकूशी असलेल्या साम्यामुळे स्पॅनिशांनी त्यास ‘पिन्या’ म्हटले. परंतु हा ‘शोध’ नव्हता. रानटी, बीजयुक्त फळापासून गोड व जवळजवळ बिनबियांचे फळ तेथील शेतकऱ्यांनी शतकानुशतके निवड करून घडवले होते.

३/ अननसाच्या ब्रोमेलिएसी कुळात ३,००० हून अधिक जाती आहेत. पश्चिम आफ्रिकेतील एक जात वगळता साऱ्या मूळच्या अमेरिका खंडांतील. काहींच्या पानांच्या बेचक्यात पाणी साठते व त्यात बेडूक वाढतात. टिलँडसिया वंशातील अनेक ‘वायुवनस्पती’ मातीविना जगतात. त्यांची मुळे केवळ आधारासाठी असतात; पाणी पानांवरील सूक्ष्म खवले शोषतात. आधार देणाऱ्या झाडाचा रस त्या घेत नाहीत.

४/ त्यांतलीच एक ‘स्पॅनिश मॉस’. ती ना स्पॅनिश, ना शेवाळ! विसाव्या शतकाच्या आरंभी लुईझियानात तिचे तंतू गाद्यांत आणि मोटारींच्या आसनांत भरले जात.

५/ अॅमेझॉनच्या खोऱ्यात अननसाच्या एका भाऊबंदाच्या पानांपासून झोळ्या व मासेमारीचे दोर होत. स्पॅनिशांमार्फत फिलिपिन्सला पोहोचलेल्या अननसाच्या पानांच्या तंतूंपासून तेथे ‘पिन्या’ नावाचेच तलम वस्त्र विणले जाऊ लागले.

६/ भारतात हे फळ सोळाव्या शतकात आले. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात त्यास फिरंग्यांच्या बंदरांतील फळ म्हणतो, त्याच्या सुगंधाची स्तुती करतो आणि आग्र्याच्या गुलअफशान बागेत दरवर्षी हजारो अननस होतात, असे नोंदवतो.

७/ याच काळात ब्राझीलच्या किनाऱ्यावर युरोपीयांनी आणलेले रोग आणि गुलामगिरी यांनी तुपी समाज उद्ध्वस्त होत होता. बादशहाच्या बागेत फळ पिकत होते. ते घडवणाऱ्यांची वस्ती ओस पडत होती. त्या शेतकऱ्यांपैकी एकाचेही नाव इतिहासाला ठाऊक नाही. त्यांनी फळाला दिलेले नाव मात्र मराठीत आजही नांदते आहे.