ध्वनिमुद्रण : अस्सल कागद कीं बखर ?

इ. स. १८९८ मध्यें कै. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. बखर व अस्सल कागद यांतील भेद तेव्हांपासून आपल्या अभ्यासकांच्या अंगवळणीं पडला. स्थळावर जाऊन टिपलेल्या ध्वनीसही हीच कसोटी लाविली पाहिजे, असें आमचें मत आहे.

फ्रेंच संगीतकार ल्यूक फेरारी यांनीं आड्रियाटिक समुद्रांतील कोर्चुला बेटावर, वेला लूका या कोळ्यांच्या गांवीं, पहाटेचे ध्वनि मुद्रित केले. त्यांतून इ. स. १९७० मध्यें 'प्रेस्क रियां', म्हणजे 'जवळजवळ कांहींच नाहीं', ही सुमारें वीस मिनिटांची कृति सिद्ध झाली. माणसांचे बोल, होड्यांची यंत्रें, किड्यांची किरकिर हेंच तिचें संगीत. परंतु अनेक दिवसांचें मुद्रण निवडून व सांधून तें एका पहाटेसारखें मांडिलेलें आहे. कलाकृति म्हणून ती थोर; पुरावा म्हणून ती बखरच होय.

आपल्याकडे हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून एक लक्षाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमविल्या. पुढें बर्नार्ड बेल यांच्या साह्यानें त्यांपैकीं कित्येकींचें ध्वनिमुद्रण झालें. या संग्रहांत ओवीबरोबर गाणारीचें नांव व गांव नोंदलेलें आहे. म्हणून त्यास आम्ही अस्सल कागदाची योग्यता देतों.

आतां आंजर्ल्याकडे वळूं. जोग नदीच्या खाडीवर पूल होण्यापूर्वीं हर्णैच्या बाजूनें कड्यावरच्या गणपतीस येणारा यात्रेकरू तरीनें खाडी उतरत असे. पूल झाला, तरीस घातलेली हाक व वल्ह्यांचा आवाज मावळला. कोंकणांतील आगरें शिंपणाऱ्या रहाटाची करकरही पंपानें घालविली. सुवर्णदुर्गाचा पत्रव्यवहार दप्तरांत शोधतां येतो; ती हाक कोणत्या दप्तरांत शोधावी ?

यास्तव जे उरलें आहे तें टिपणारानें स्थळ, वेळ, यंत्र व बोलणाराच्या संमतीनें त्याचें नांव लिहून ठेवावें. तिथि तर अवश्य लिहावी. कारण तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा कोळ्यांचा हिशेब आहे, व त्यावरून समुद्राची गाज भरतीची कीं ओहोटीची हें पुढील संशोधकास ताडून पाहतां येईल. कलावंतानें खुशाल रचना करावी. मूळ मुद्रण मात्र न कापतां, न सांधतां, जसेंच्या तसें जपावें.