तूपोलेव्ह-१०४ : एका विमानाच्या अपघातांचा इतिहास

वाहतुकीच्या साधनांचा इतिहास लिहिताना अपघातांची नोंद बहुधा परिशिष्टात केली जाते. साधनाची निर्मिती, त्याचा वेग आणि प्रसार यांना ग्रंथाच्या मुख्य भागात स्थान मिळते. नष्ट झालेल्या वाहनांची यादी मात्र अखेरीस जोडली जाते. सोव्हिएत संघाच्या तूपोलेव्ह-१०४ या पहिल्या प्रवासी जेट विमानाच्या बाबतीत ही विभागणी स्वीकारता येत नाही. या विमानाच्या आरंभीच्या अपघातांची बीजे त्याच्या जन्मकथेतच होती. आणि त्या अपघातांपासून मिळालेले ज्ञान कोणापर्यंत पोचावे, हा प्रश्न विमानविद्येचा नसून राज्यव्यवस्थेचा होता.

तूपोलेव्ह-१०४ चे पहिले उड्डाण १७ जून १९५५ रोजी झाले. त्या वेळी जेट प्रवासी वाहतुकीचे क्षेत्र जवळजवळ मोकळे होते. ब्रिटनचे 'कॉमेट' हे विमान १९५४ मधील दोन भीषण अपघातांनंतर सेवेतून काढून घेण्यात आले होते आणि अमेरिकेचे बोइंग-७०७ अद्याप प्रवासी सेवेत आलेले नव्हते. ही संधी साधावयाची तर विलंब परवडणारा नव्हता. म्हणून आंद्रेई तूपोलेव्ह यांच्या रचना-संस्थेने तूपोलेव्ह-१६ या बाँबफेकी विमानाचे पंख, शेपूट आणि एंजिने यांचा आधार घेतला व त्यांना प्रवाशांसाठी नवा देह जोडला. नाविकासाठी ठेवलेले काचेचे नाक आणि उतरताना वेग रोखण्यासाठी उघडावयाची हवाई छत्री ही या वंशाची उघड चिन्हे होत. २२ मार्च १९५६ रोजी हे विमान लंडनच्या विमानतळावर उतरले, तेव्हा पाश्चात्त्य निरीक्षक थक्क झाले. १५ सप्टेंबर १९५६ पासून मॉस्को-ओम्स्क-इर्कुत्स्क या मार्गावर त्याची नियमित सेवा सुरू झाली व प्रवासाचा वेळ जवळजवळ निम्म्यावर आला. पुढील सुमारे दोन वर्षे नियमित सेवेत असलेले जगातील ते एकमेव जेट प्रवासी विमान होते.

घाईने साधलेल्या या यशात एक उणीव दडलेली होती. उंचावरील विरळ हवेत मागे झुकलेल्या पंखांच्या विमानाला सुरक्षित वेगाचा पट्टा अत्यंत अरुंद असतो. वेग थोडा घटला की पंखांवरील उचल नष्ट होऊ लागते. थोडा वाढला की ध्वनिवेगाच्या सान्निध्यातील विक्षोभ सुरू होतात. त्यातही झुकलेल्या पंखांची टोके प्रथम निकामी होतात, उचलीचा मध्य पुढे सरकतो आणि विमानाचे नाक आपोआप वर उठते. अशा वेळी नाक खाली आणण्याइतके सामर्थ्य शेपटीवरील नियंत्रक पट्ट्यांत असावे लागते. तूपोलेव्ह-१०४ मध्ये ते अपुरे होते. प्रवासी मार्गांवरील प्रचंड गडगडाटी मेघ आणि ऊर्ध्वगामी वायुप्रवाह यांची गाठ पडेपर्यंत ही गोष्ट पूर्णतः उघडकीस आली नाही.

१५ ऑगस्ट १९५८ रोजी खाबारोव्स्कहून इर्कुत्स्ककडे जाणारे विमान मेघमंडळात सापडून नेहमीच्या उंचीच्या पलीकडे फेकले गेले, त्याचा वेग नष्ट झाला आणि ते कोसळले. त्यात ६४ जण मृत्युमुखी पडले. मात्र या प्रकारच्या विमानांची उड्डाणे चालूच राहिली. दोनच महिन्यांनी, १७ ऑक्टोबर रोजी, पेकिंगहून मॉस्कोकडे येणाऱ्या विमानाला खराब हवामानामुळे मॉस्कोस उतरता येईना. गोर्की येथेही तीच स्थिती असल्याने ते स्व्हेर्दलोव्स्ककडे वळविण्यात आले. वळण घेत असता प्रबळ ऊर्ध्वप्रवाहाने त्याला वर लोटले आणि नंतर ते सरळ खाली आले. चुवाशियातील कानाश गावाजवळ घडलेल्या या अपघातात विमानातील सर्व ८० जण प्राणास मुकले. मृतांत चिनी सांस्कृतिक शिष्टमंडळाचे प्रमुख, विख्यात साहित्यसंशोधक झेंग झेंदुओ हे होते. रवींद्रनाथ ठाकुरांच्या 'स्ट्रे बर्ड्स' या काव्यसंग्रहाचा चिनी अनुवाद करणारे म्हणून त्यांचे नाव भारतीय अभ्यासकांस परिचित आहे.

कानाशच्या अपघाताचे वैशिष्ट्य असे की, त्याला आतून साक्षीदार लाभला. विमानाचे कप्तान गारोल्ड कुझ्नेत्सोव्ह हे विमान कोसळत असतानाही रेडिओवरून बोलत राहिले. विमानाचे वर्तन कसे आहे, आपण काय करीत आहो, हे त्यांनी जमिनीवरील केंद्रास शेवटपर्यंत कळविले आणि अखेरीस निरोप घेतला. ऑगस्टमधील अपघाताने प्रश्न उपस्थित केला होता. या निवेदनाने उत्तराची दिशा दाखविली. त्यानंतर शेपटीच्या रचनेत व तिच्या नियंत्रणाच्या कक्षेत बदल करण्यात आले आणि विमानाची कमाल उंची कमी करण्यात आली. या विशिष्ट प्रकारच्या अपघातांची मालिका त्यामुळे थांबली. सोव्हिएत तंत्रज्ञ अपघातांपासून काही शिकलेच नाहीत, हा समज म्हणूनच टिकत नाही. ते शिकले, परंतु जे शिकले ते बंद दाराआड राहिले.

या ठिकाणी कॉमेटशी तुलना उद्बोधक ठरते. २ मे १९५३ रोजी कलकत्त्याजवळ वादळात सापडून एक कॉमेट विमान कोसळले व ४३ जण मरण पावले. पुढे १९५४ च्या जानेवारीत एल्बा बेटाजवळ व एप्रिलमध्ये नेपल्सजवळ आणखी दोन विमाने समुद्रात पडली. फार्नबरो येथे एका संपूर्ण विमानाला पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर वारंवार दाब देण्यात आला आणि धातूच्या थकव्याचे कारण सिद्ध झाले. त्याची चौकशी खुल्या न्यायासनापुढे झाली व निष्कर्ष प्रसिद्ध करण्यात आले. प्रतिस्पर्धी कारखान्यांनाही त्यांचा लाभ झाला. उलट सोव्हिएत संघात देशांतर्गत अपघातांना वृत्तपत्रांत सहसा स्थान नसे. परदेशी प्रवासी किंवा उच्चपदस्थ व्यक्ती मृतांत असल्या, तरच त्रोटक वार्ता येई. ज्या गोष्टी छापल्या जात नसत त्या लोक गात असत : शोपँच्या शोकयात्रेच्या सुरावटीवर रचलेले तूपोलेव्ह-१०४ विषयीचे विडंबनगीत सोव्हिएत जनतेत सर्वतोमुखी झाले होते. अधिकृत मौनाच्या पोकळीत उपहास शिरतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

या मौनाचा दुसरा परिणाम इतिहासकारास जाचक आहे. सुमारे २०० तूपोलेव्ह-१०४ विमाने बांधली गेली व त्यांपैकी ३७ नष्ट झाली, असे सामान्यतः मानले जाते. हे प्रमाण मोठे आहे. परंतु सर्व हानी विमानाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. ३० जून १९६२ रोजी क्रास्नोयार्स्कजवळ ८४ जणांसह कोसळलेल्या विमानाच्या अवशेषांवर बाहेरून आत गेलेल्या छिद्राच्या खुणा होत्या व विमानविरोधी क्षेपणास्त्राचा संशय बळावला. मे १९७३ मध्ये चितानजीक एका अपहरणकर्त्याच्या बाँबने ८१ बळी घेतले. मार्च १९६३ मध्ये झेकोस्लोव्हाकियाच्या विमानकंपनीचे एक तूपोलेव्ह-१०४ मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर उभे असतानाच आगीत नष्ट झाले. त्याचा विमानाच्या उड्डाणगुणांशी संबंध नव्हता. याउलट १३ ऑक्टोबर १९७३ रोजी मॉस्कोच्या दोमोदेदोव्हो विमानतळाजवळ विद्युत्पुरवठा बिघडून दिशा व समतोल दाखविणारी उपकरणे निकामी झाली आणि १२२ जण ठार झाले. येथे यंत्राची दुर्बलता स्पष्ट दिसते. अशी कारणवार विभागणी समकालीन वाचकास शक्यच नव्हती. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर कागदपत्रे बाहेर येऊ लागली, तेव्हा कोठे ती करता येऊ लागली.

अखेरचा अध्यायही याच सूत्राला धरून आहे. १७ मार्च १९७९ रोजी व्नुकोव्हो विमानतळावरून निघालेल्या विमानात एंजिनास आग लागल्याचा खोटा इशारा मिळाला. परत फिरताना ते कोसळले व ५८ जण मृत्यू पावले. त्याच वर्षी नागरी सेवेतून हे विमान निवृत्त करण्यात आले. परंतु लष्कराने ते वापरणे चालूच ठेवले. ७ फेब्रुवारी १९८१ रोजी लेनिनग्राडजवळील पुश्किन येथून उड्डाण करताच एका विमानाचे नाक अनावरपणे वर उठले आणि ते क्षणार्धात जमिनीवर आदळले. मालाची चुकीची मांडणी झाल्याने गुरुत्वमध्य मागे सरकला होता. ५० मृतांत पॅसिफिक नौदलाचे सरसेनापती एमिल स्पिरिदोनोव्ह यांच्यासह अनेक नौसेनानी होते. एवढे सेनानी एकाच क्षणी गमावूनही देशाला त्या वेळी त्याची सविस्तर हकीकत कळली नाही. यानंतर लष्करानेही या विमानाचा त्याग केला.

१९५८ व १९८१ मधील अपघातांची कारणे भिन्न आहेत. पण दोन्हींत नाक वर उठलेले विमान आणि ते सावरण्यास अपुरा पडलेला अवकाश हे दृश्य समान आहे. रचनेतील दोष तज्ज्ञांच्या मर्यादित वर्तुळात दुरुस्त होऊ शकतो, हे पहिल्याने दाखविले. परंतु भार मोजणे, माल बांधणे, नियमांपुढे अधिकाराचा दबाव न मानणे यांसारखी शिस्त गुप्त अहवालांनी रुजत नाही. ती असंख्य सामान्य कर्मचाऱ्यांच्या अंगी बाणावी लागते, आणि त्यासाठी चूक काय झाली हे त्या सर्वांना ठाऊक असावे लागते. कुझ्नेत्सोव्ह यांनी मृत्यूच्या दारात जे सांगितले ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून सांगितले होते. ते ऐकले गेले व त्याचा उपयोगही झाला. मात्र ज्यांच्यासाठी ते सांगितले होते त्या सर्वांपर्यंत ते पोचू दिले गेले नाही. तूपोलेव्ह-१०४ च्या इतिहासाचे मूल्यमापन करताना नष्ट झालेल्या विमानांच्या संख्येइतकेच या अडविलेल्या ज्ञानाचेही मोल लक्षात घ्यावे लागते.