डोळ्यांची ॲन्जिओग्राफी : रंजकाची सुई आणि चिकित्सालयाची तयारी

‘ॲन्जिओग्राफी’ हा शब्द ऐकला की सर्वसामान्य माणसाला हृदय आठवते. त्यामुळे नेत्रतज्ज्ञाने चिठ्ठीवर तो लिहून दिला की रुग्णाबरोबर आलेले नातेवाईकही दचकतात. प्रत्यक्षात डोळ्यांच्या ॲन्जिओग्राफीत मनगटातून किंवा जांघेतून नळी सरकवावी लागत नाही, क्ष-किरण वापरले जात नाहीत आणि भूलही द्यावी लागत नाही. बाहुली विस्फारणारे थेंब घातल्यावर हाताच्या शिरेत रंगीत द्रव्याची एक सुई दिली जाते. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे कॅमेऱ्यासमोर हनुवटी टेकवून बसणे, एवढाच रुग्णाचा भाग. तपासणी सोपी असली तरी शिरेत औषध जात असल्यामुळे ती करणाऱ्या चिकित्सालयाची तयारी मात्र पुरती असावी लागते.

मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, विदर्भाला लागून असलेल्या पांढुर्णा आणि सौंसर या भागात हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळे होऊन या दोन तहसिलींचा पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. इथे घरात मराठी बोलली जाते आणि कचेरीत हिंदी चालते. संत्र्याच्या बागा आणि कपाशीची शेते हे या भागाचे वैभव. मोठ्या दुखण्यासाठी नागपूरची वाट धरण्याची इथली सवय जुनी आहे. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर, तर सौंसरहून त्याहून जवळ. तपासणी गावात होवो वा नागपुरात, रुग्ण बहुधा त्याच दिवशी बसने किंवा रेल्वेने घरी परततो. तेव्हा पुढचे चोवीस तास काय होणार, याची माहिती त्याला आधीच मिळायला हवी.

या तपासणीत मुख्यतः वापरले जाणारे द्रव्य म्हणजे सोडियम फ्लुओरेसीन. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये फ्लुओरेसीन प्रथम तयार केले. निळा प्रकाश शोषून हिरवट-पिवळा प्रकाश बाहेर टाकणे हा त्याचा गुणधर्म. दृष्टिपटलातील रक्तप्रवाह त्याच्या साहाय्याने टिपण्याची पद्धत अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात हॅरोल्ड नोव्होट्नी आणि डेव्हिड अल्विस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी बसवली. पहिली सुई कोणी टोचून घ्यायची हे त्यांनी नाणे उडवून ठरवले आणि हरलेले अल्विस कॅमेऱ्यासमोर बसले. नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकाने नाकारलेला त्यांचा शोधनिबंध १९६१ मध्ये ‘सर्क्युलेशन’ या हृदय व रक्ताभिसरणविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ॲन्जिओग्राफी म्हणताच हृदय आठवणाऱ्यांचे अगदीच चुकत नाही, असे गमतीने म्हणता येईल.

प्रौढांना साधारणपणे ५०० मिलिग्रॅम मात्रा दिली जाते. दहा टक्क्यांचे द्रावण असल्यास ते पाच मिलिलिटर होते. सुईनंतर दहा ते पंधरा सेकंदांत रंजक डोळ्यात पोहोचते. प्रथम दृष्टिपटलामागचा रक्तवाहिन्यांचा थर उजळतो, मग दृष्टिपटलाच्या रोहिण्या आणि शेवटी नीला. निरोगी दृष्टिपटलातील केशवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की रंजक त्यांतून बाहेर पडत नाही. सारे निदान याच गोष्टीवर उभे आहे. जिथे रंजक झिरपते तिथे भिंत कमकुवत झालेली असते. जिथे ते पोहोचतच नाही तो काळा पट्टा रक्तपुरवठा बंद पडल्याची खूण असते.

मधुमेहाचे उदाहरण घेतले म्हणजे हे स्पष्ट होते. साध्या छायाचित्रात दृष्टिपटलावरचे लाल ठिपके सारखेच दिसतात. रंजक गेल्यावर त्यांतले काही ताऱ्यांसारखे चमकतात, ते केशवाहिन्यांना आलेले सूक्ष्म फुगवटे. जे काळेच राहतात ते रक्तस्रावाचे डाग. नव्याने फुटलेल्या नाजूक वाहिन्यांतून तर रंजक कापसाच्या बोंडासारखे पसरते. लेझर कुठे मारायचे, इंजेक्शन हवे की नको, याचा निर्णय त्यावरून घेता येतो. तरुण पुरुषांमध्ये वारंवार रक्तस्राव घडवणारा ‘ईल्स’ विकार भारतात अधिक आढळतो. त्यातही ही तपासणी मोलाची ठरते.

या परिसरात आणखी एका आजाराचा विचार करावा लागतो, तो म्हणजे सिकलसेल. मध्य भारतातील आदिवासी आणि अन्य काही समाजांत तो आढळतो. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातीलच शहडोल येथून सुरू झाली. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी दृष्टिपटलाच्या कडेच्या बारीक वाहिन्या बंद पाडतात आणि त्या सीमेवर पंख्याच्या आकाराच्या नव्या वाहिन्या उगवतात. मधली दृष्टी शाबूत असल्यामुळे रुग्णाला काहीच जाणवत नाही आणि एके दिवशी डोळ्यात अचानक रक्त उतरते. कडेपर्यंतचे चित्र घेणारी ॲन्जिओग्राफी हा धोका आधी दाखवू शकते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर भरणाऱ्या गोटमारीमुळे पांढुर्ण्याचे नाव सर्वदूर गेले आहे. दगडाच्या माराने दृष्टिपटलामागचा थर फाटला असेल, तर त्याची रेघ आणि तिथे पुढे उगवणाऱ्या वाहिन्याही याच तपासणीत उमटतात.

म्हणून प्रत्येक मधुमेही रुग्णाला सुई टोचावी असे मुळीच नाही. नागपूर परिसरातील खेड्यांत २००६ ते २००९ या काळात तीस वर्षांवरील ४,७११ व्यक्तींची मोठी नेत्रपाहणी झाली. दृष्टिपटलाची छायाचित्रे हा तिचा एक मुख्य आधार होता. प्राथमिक छाननीला साधे छायाचित्र पुरते. पीतबिंदूची सूज ओसीटी यंत्र रंजकाशिवाय दाखवते आणि ‘ओसीटी ॲन्जिओग्राफी’ रक्तवाहिन्यांचे जाळेही दाखवते. मात्र वाहिनीतून गळती होते आहे की नाही, हे तिला सांगता येत नाही. त्यामुळे रंजकाची गरज कमी झाली असली तरी संपलेली नाही.

इंडोसायनिन ग्रीन हे दुसरे रंजक अवरक्त प्रकाशात काम करते आणि दृष्टिपटलामागच्या थराचे चित्र अधिक स्पष्ट देते. आशियाई रुग्णांत अधिक आढळणाऱ्या, वाहिन्यांना मण्यांसारखे फुगवटे आणणाऱ्या विकारात त्याचा उपयोग होतो. ते यकृतावाटे बाहेर पडते आणि त्यात आयोडीन असते, म्हणून आयोडीनची ॲलर्जी असलेल्यांना देत नाहीत. फ्लुओरेसीनमध्ये आयोडीन नसते. सीटी स्कॅनच्या रंजकाबद्दल ऐकलेली भीती इथे जशीच्या तशी लावू नये.

फ्लुओरेसीन सर्वसाधारणपणे सुरक्षित मानले जाते. काहींना अर्ध्या-एक मिनिटात मळमळ होते आणि ती बहुधा लगेच ओसरते. क्वचित अंगावर गांधी उठतात. अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या सर्वेक्षणात मध्यम स्वरूपाची प्रतिक्रिया ६३ तपासण्यांत एक, गंभीर प्रतिक्रिया १,९०० तपासण्यांत एक आणि मृत्यू २,२२,००० तपासण्यांत एक, असे प्रमाण आढळले. हे आकडे दिलासा देणारे आहेत खरे, पण तो एक रुग्ण कोणत्या खुर्चीत बसला आहे हे आधी कळत नाही. त्वचेत थोडेसे रंजक टोचून केलेली चाचणी निर्दोष आली, तरी पुढे काही होणार नाही याची हमी मिळत नाही. त्या चाचणीवर विसंबून बाकीची तयारी ढिली ठेवणे चुकीचे आहे.

ही तयारी फार खर्चिक नाही. रंजक दिल्यावरही शिरेतली सुई तपासणी संपेपर्यंत तशीच राहावी. प्राणवायू, सलाईन आणि श्वास देण्याची पिशवी त्याच खोलीत हवी. घशाला सूज, धाप किंवा रक्तदाब कोसळणे दिसताच रुग्णाला आडवे करून ॲड्रेनालिन मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत द्यायचे. प्रौढांसाठी त्याची मात्रा अर्धा मिलिग्रॅम. ॲलर्जीची इतर औषधे आणि स्टिरॉइड त्यानंतर येतात, त्यांच्या शोधात पहिली मिनिटे दवडायची नसतात. ॲड्रेनालिनची कुपी स्वस्त असते, पण ती कपाटाच्या कुलपात असेल किंवा तिची मुदत उलटून गेली असेल तर तिचा उपयोग नाही. अशी व्यवस्था नसलेल्या ठिकाणी कॅमेरा कितीही उत्तम असला तरी ही तपासणी करू नये. सुईनंतर रुग्णाला किमान अर्धा तास बसवून ठेवावे. गाडीची वेळ झाली म्हणून त्याला लवकर सोडू नये.

संमतीपत्र इंग्रजीत असले तरी प्रश्न रुग्णाच्या बोलीत विचारावेत. पूर्वी कोणत्या सुईने गांधी उठल्या का, दमा आहे का, हृदयाच्या वा रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, मूत्रपिंडाचा आजार किंवा डायलिसिस आहे का, हे विचारलेच पाहिजे. गर्भवतींमध्ये, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, ही तपासणी टाळतात. रंजक अंगावरच्या दुधातही उतरते, म्हणून स्तनदा मातांनी आधी सांगावे. उपाशी पोटी आल्याने मळमळ टळतेच असे नाही. पहाटे इन्सुलिन घेऊन, काही न खाता निघालेल्या मधुमेही रुग्णाची साखर मात्र वाटेतच उतरू शकते. हलके खाऊन यावे की नाही, हे चिकित्सालयाने आदल्या दिवशीच सांगावे.

सुई शिरेबाहेर गेली तर हात जळजळतो, कारण द्रावण अल्कधर्मी असते. अशा वेळी सुई थांबवून थंड पट्टी ठेवावी लागते. एरवी त्या दिवशी काही तास त्वचा पिवळसर दिसते आणि लघवीला एक-दीड दिवस गडद पिवळा-नारिंगी रंग येतो. घरच्यांना कावीळ झाल्यासारखे वाटते. कावीळ उतरवणाऱ्याकडे धाव घेण्याची गरज नसते. भरपूर पाणी प्यावे. दोन दिवसांनंतरही पिवळेपणा राहिला तर डॉक्टरांना दाखवावे. बाहुली विस्फारलेली असल्यामुळे काही तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही. त्या दिवशी मोटारसायकल चालवू नये, बागेत उन्हात कामाला जाऊ नये आणि सोबत कोणीतरी असावे. रंजकामुळे रक्त-लघवीच्या काही चाचण्यांचे निकाल बिघडू शकतात, म्हणून त्या तीन-चार दिवस पुढे ढकलाव्यात किंवा प्रयोगशाळेला कल्पना द्यावी. तपासणीची चित्रे मागून जपून ठेवावीत. सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरकडे जावे लागले, तर गळती वाढली की थांबली हे जुन्या चित्रांशी ताडूनच कळते.